फॉर्मवर दादाचा रकानाच नाही: धाकट्या बहिणीचं सुकन्या खातं

मराठवाड्यात थोरला भाऊ आणि शेंडेफळ बहीण यांच्यात बारा-पंधरा वर्षांचं अंतर असलेली घरं खूप आहेत. भाऊ चाकणला नाहीतर वाळूजला कंपनीत लागलेला आणि बहीण अजून अंगणवाडीत. अशा भावाने पगारातून बहिणीसाठी काही बाजूला टाकायचं मनावर घेतलं की पारावरचं कुणीतरी सांगतंच, "पोस्टात सुकन्या टाक तिच्या नावानं." सल्ला खरा आहे. सांगणारा एवढंच सांगत नाही की हे खातं भावाला उघडताच येत नाही.

सुकन्या समृद्धी ही दहा वर्षांच्या आतल्या मुलींसाठीची सरकारी बचत योजना 22 जानेवारी 2015 पासून सुरू आहे आणि आजचे नियम डिसेंबर 2019 च्या अधिसूचनेतले आहेत. खातं मुलीच्या नावाने आणि पालकाच्या सहीने उघडतं. पालक म्हणजे बाप किंवा आई. दोघंही नसतील किंवा सांभाळण्याच्या स्थितीत नसतील, तरच कायदेशीर पालक. वीस वर्षांनी मोठा दादा, लग्न झालेली ताई, आजी-आजोबा, मामा यांतलं कुणीच कोर्टाच्या नेमणुकीशिवाय त्या व्याख्येत बसत नाही. पूर्वी काही ठिकाणी आजोबांच्या सहीने खाती उघडली गेली होती. 1 ऑक्टोबर 2024 पासून अशा खात्यांचं पालकत्व आई-बापाच्या किंवा कायदेशीर पालकाच्या नावावर करून घेणं भाग पडलं. त्यामुळे ओळखीच्या काउंटरवर कुणी "चालतंय, तुझीच सही कर" म्हणालं तरी करू नका. आज चाललेली सही पैसे काढायच्या दिवशी अडते.

पैसे भरायला मात्र कुणालाही मुभा आहे. खातं आईच्या किंवा बापाच्या सहीने उघडायचं, चालवायचं भावाने. या योजनेकडे भावाच्या बाजूने पाहायचं तर इथून सुरुवात करावी लागते.

आई-बापाला एकदा काउंटरवर न्यावं लागतं आणि ऊसतोडीच्या घरात ही एक खेपच अवघड असते. बीड जिल्ह्यातल्या धारूर, केज, वडवणी, पाटोद्याकडच्या तोडणीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, कोपीवर, म्हणजे उसाच्या फडाशेजारच्या झोपडीत, असतात. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं, तेव्हा घरात म्हातारी आजी आणि धाकटी लेकरं तेवढी असतात. खातं उघडायचं असेल तर पावसाळ्यात, फार तर गणपतीपर्यंत उघडून घ्या. उचल, म्हणजे तोडणीची आगाऊ रक्कम, घेऊन माणसं निघाली की पुढचे सहा महिने सही मिळणार नाही.

कागद थोडेच लागतात: मुलीचा जन्मदाखला, पालकाचं आधार, पॅन (नसेल तर त्याऐवजीचा फॉर्म), दोन-तीन फोटो आणि किमान 250 रुपये. अडतं ते बहुतेक जन्मदाखल्यावर. दाखल्यावर बाळाचं नावच नसतं, नुसतं लिंग, तारीख आणि आई-बापाची नावं. नाव नंतर चढवता येतं, त्यासाठी जिथे नोंद झाली त्याच ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जावं लागतं. आता लेकरू फडावर जन्मलेलं असेल तर नोंद गावाकडे शोधून उपयोग नाही. सांगली-कोल्हापूरकडच्या ज्या गावात कोपी होती, किंवा ज्या सरकारी दवाखान्यात बाळंतपण झालं, तिथे ती असते. नोंद मुळात झालीच नसेल आणि वर्ष उलटून गेलं असेल, तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय दाखला निघत नाही. हा फेरा दोन-चार महिन्यांचा धरून चाला. बहीण नऊ वर्षांची झाली असेल तर बाकी सगळं सोडून आधी या कामाला लागा, कारण दहावा वाढदिवस आला की दार बंद होतं. ही अट एका दिवसानेही शिथिल होत नाही.

आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव यांचाही मेळ बघून घ्या. घरात हाक मारायचं नाव आधारवर आणि बारशाचं दाखल्यावर, असं हमखास झालेलं असतं. आज काउंटरवाला सोडून देईल, पण अठराव्या वर्षी मुलगी स्वतःचे कागद घेऊन उभी राहील तेव्हा ती तीच आहे हे तिला सिद्ध करावं लागेल.

दोन मुलींची अट बहुतेक लोक चुकीची समजून घेतात. "आमची तिसरी आहे, तिचं खातं निघत नाही," असं म्हणून घरं गप्प बसतात. अट अशी आहे की एका कुटुंबात दोन मुलींची खाती निघतात. थोरल्या दोघी दहाच्या पुढे गेलेल्या आहेत आणि त्यांची खाती कधी निघालीच नाहीत, तर शेंडेफळाचं निघतं. भावंडांत अंतर मोठं असलेल्या घरात हे सारखं घडतं, म्हणून काउंटरवर नाही म्हणाले तरी नियम दाखवायला लावा. जुळ्या-तिळ्यांसाठी जादा खात्याची सवलत आहे, त्याला प्रतिज्ञापत्र आणि दाखले लागतात.

आता पैशाचं बघू. वर्षाला कमीत कमी 250, जास्तीत जास्त दीड लाख. भरणा 50 च्या पटीत. ओवाळणीचा आकडा इथे अडतो: 251, 501, 1,001 यांतलं काहीच खात्यात जात नाही. राखीपौर्णिमेला किंवा भाऊबीजेला ओवाळणी थेट खात्यात टाकणारे भाऊ आहेत, आणि पद्धत चांगली आहे. 500 स्लिपवर लिहा, वरचा रुपया ताटातच राहू द्या.

भरणा पंधरा वर्षं करायचा आणि खातं उघडल्यापासून एकविसाव्या वर्षी मुदत पुरी होते. मधली सहा वर्षं काही भरायचं नाही, व्याज चालू राहतं. ही वर्षं मुलीच्या वयाची नव्हेत, खात्याच्या वयाची आहेत. बहीण तीन वर्षांची असताना उघडलं तर पूर्ण पैसे ती चोवीस वर्षांची झाल्यावर हाती येतील, नऊ वर्षांची असताना उघडलं तर तिसाव्या वर्षी. एवढं थांबणं जमणार आहे का, हे आधी घरात बोलून घ्या.

व्याजदर सरकार दर तिमाहीला ठरवतं. एप्रिल 2020 ते मार्च 2023 पर्यंत तो 7.6 टक्के होता, मग 8 झाला आणि जानेवारी 2024 पासून 8.2. पुढे काय होईल ते कुणी सांगत नाही, म्हणून खालचे आकडे 8.2 टक्के कायम धरून काढलेला अंदाज समजा. एप्रिलपासून महिन्याला 500 रुपये वेळेवर भरले तर पंधरा वर्षांत खिशातून 90,000 जातात. एकविसाव्या वर्षाअखेर हातात सुमारे 2,77,000 येतात.

वेळेवर म्हणजे पाच तारखेच्या आत. व्याज महिन्याच्या पाच तारखेनंतर ते महिनाअखेरपर्यंत खात्यात असलेल्या कमीत कमी शिलकीवर मोजतात. सहा तारखेला भरलेले पैसे त्या महिन्यात बिनव्याजी पडून राहतात. कंपन्यांचे पगार बहुधा सात ते दहा तारखेला होतात, म्हणजे पगार झाल्या झाल्या पाठवणारा भाऊ दर महिन्याला एका महिन्याचं व्याज सोडतो. 500 च्या हप्त्यावर एकवीस वर्षांत हा फरक 1,800 च्या घरात जातो. त्यासाठी उसनवारी करण्यात अर्थ नाही. या पगारातले पैसे पुढच्या महिन्याच्या एक-दोन तारखेला टाकायचे, एवढ्याने काम भागतं.

वर्षाला एकदाच भरणाऱ्यांचं नुकसान मात्र खरं आहे. तेच 6,000 रुपये दर वर्षी एप्रिलच्या पहिल्या पाच दिवसांत भरले तर शेवटी सुमारे 2,87,000 होतात. मार्चअखेर "वर्ष चुकायला नको" म्हणून घाईने भरले तर 2,65,000. रक्कम तीच, पंधरा हप्ते तेच, फरक बावीस हजारांच्या आसपास. तोडणीवरून परतलेल्या घरात एप्रिलमध्ये रोकड नसते, उलट कधी मुकादमाची, म्हणजे टोळी नेणाऱ्याची, बाकीच अंगावर असते. म्हणून एप्रिलचा भरणा पगारदार भावाने करावा आणि आई-बापाने उचल हाती आल्यावर जमेल तसं टाकावं. खातं एकच आहे, कितीही हातांनी भरलं तरी चालतं.

भरायचे मार्ग तीन. पहिला, गावातलं शाखा डाकघर. एसबी 103 ही स्लिप भरायची, त्यावर पैसे भरणाऱ्याची सही असते आणि तिथे दादाची चालते. शाखेत पासबुकावर नोंद हाताने होते, शिक्का पडतो. नोंद झाली म्हणून समाधान मानू नका, यंत्रातून निघालेली पावतीही मागा. वर्षातून एकदा, मे महिन्यात, मोठ्या डाकघरात नेऊन पासबुक छापून घ्या, कारण व्याज 31 मार्चला जमा होतं आणि हाताच्या नोंदीत ते दिसत नाही. छापील शिल्लक आणि पावत्यांची बेरीज जुळत नसेल तर त्याच दिवशी लेखी द्या. चार वर्षांनी जुन्या पावत्या सापडत नसतात.

दुसरा मार्ग इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं ॲप. चाकणला बसलेल्या भावाला सगळ्यांत सोयीचं हेच. त्याचं स्वतःचं खातं त्या बँकेत हवं. ॲपमध्ये पोस्टाच्या योजनांत जाऊन सुकन्या निवडायची, मग बहिणीचा खाते क्रमांक आणि पासबुकावर छापलेला ग्राहक क्रमांक टाकायचा, रक्कम घालायची. चूक इथेच होते: भाऊ स्वतःचा ग्राहक क्रमांक टाकतो आणि ॲप नाकारतं. पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा, पासबुक आईच्या ट्रंकेतच राहू द्या. फोनवरून उघडलेलं डिजिटल खातं बारा महिन्यांत अंगठा देऊन पूर्ण करून घ्यावं लागतं. ते राहिलं की खातं बंद पडतं आणि हप्ता अडतो.

तिसरा मार्ग म्हणजे खातंच बँकेत उघडणं. स्टेट बँकेसारख्या अधिकृत बँकांत हीच योजना याच व्याजाने मिळते. बीड-परभणीत जुनी माणसं अजून "हैदराबाद बँक" म्हणतात, ती 2017 मध्ये स्टेट बँकेतच गेली. भावाचा पगार त्याच बँकेत होत असेल तर दर महिन्याच्या एक तारखेची कायमची सूचना देऊन ठेवता येते, हप्ता विसरायचा प्रश्नच उरत नाही. उलट आई-बापाला सहीसाठी तालुक्याला जावं लागतं आणि शाखेतली गर्दी पोस्टापेक्षा जास्त असते. भाऊ पगारदार आणि घरात शिस्त असेल तर बँक, आई-बाप स्वतःही मधून मधून भरणार असतील तर गावचं पोस्ट, असा आमचा कौल आहे. नंतर पटलं नाही तर पोस्टातून बँकेत किंवा बँकेतून पोस्टात खातं हलवता येतं, वर्षं मोडत नाहीत.

एक वर्ष भरणा चुकला तर आभाळ कोसळत नाही. चुकलेल्या प्रत्येक वर्षाचे 250 आणि दंड 50, म्हणजे 300 भरले की खातं पुन्हा सुरळीत होतं. चार वर्षं राहिली असतील तर 1,200, त्यावर चालू वर्षाचे वेगळे. पंधरा वर्षांच्या आत कधीही भरून घेता येतं, आणि आधी जमा झालेल्या पैशावर व्याज थांबत नाही. दुष्काळाच्या वर्षी "आता बंदच पडलं असेल" असं समजून पासबुक कपाटात टाकून देणारे खूप असतात. पाच वर्षांनीही काउंटरवर गेलात तर उघडं करून मिळतं.

पैसे बाहेर कधी निघतात? भावाला हेच नीट ठाऊक हवं, कारण घरचे त्यालाच विचारणार. बहीण दहावी पास झाली किंवा अठरा वर्षांची झाली, यांतलं जे आधी होईल तेव्हा शिक्षणासाठी मागच्या 31 मार्चच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम मिळते. महिन्याला 500 प्रमाणे तेरा वर्षं भरलेल्या खात्यात सुमारे 1,36,000 असतील, म्हणजे फार तर 68,000. पण मर्यादा निम्मी असली तरी प्रत्यक्षात मिळतं ते प्रवेशपत्रात किंवा फी पावतीत दिसेल तेवढंच. अकरावीला लातूरला पाठवायचं म्हणून या पैशावर हिशेब मांडत असाल तर सावध. लातूरचा मोठा खर्च कॉलेजच्या फीचा नसतो. खासगी क्लास, खोली आणि मेस यांचा असतो. कागद शिक्षणसंस्थेचा लागतो, क्लासच्या पावतीवर विसंबू नका, खोलीभाडं तर त्यात बसतच नाही. तो खर्च भावाने वेगळा जमवावा आणि सुकन्या पुढच्या इंजिनिअरिंगच्या किंवा नर्सिंगच्या फीसाठी राखावी. रक्कम एकदम घेता येते किंवा वर्षाला एक याप्रमाणे पाच वर्षांपर्यंत हप्त्यांत. मुलगी अठराच्या आत असेल तर अर्जावर सही पुन्हा आई-बापाचीच. प्रवेश जून-जुलैत होतात, टोळ्या तेव्हा गावातच असतात, तेवढं एक सोयीचं.

लग्नासाठी खातं मुदतीआधी बंद करता येतं, पण मुलगी लग्नाच्या दिवशी अठरा पूर्ण असल्याचा पुरावा आणि स्टँप पेपरवर नोटरी केलेलं घोषणापत्र द्यावं लागतं. अर्ज लग्नाच्या एक महिना आधीपासून तीन महिने नंतरपर्यंतच चालतो. या भागात नवरा-बायकोच्या जोडीवर कोयत्याची उचल ठरते, त्यामुळे पंधरा-सोळाव्या वर्षी पोरीचं लग्न उरकायची घाई असते. त्या लग्नाला हे खातं एक रुपया देत नाही. बापाने कितीही विनवलं तरी काउंटरवरच्या माणसाच्या हातात ते नसतं. दादाला घरात जे बोलता येत नाही ते इथे नियम बोलतो, आणि व्याजदरापेक्षा आम्हाला ही गोष्ट मोलाची वाटते.

कुलूप पक्कं आहे याचा जाचही आहेच. बोअर आटला, म्हैस मेली, भावाची नोकरी गेली, यांतल्या कशासाठीही पैसे निघत नाहीत. खातेदार मुलीला जिवावरचा आजार झाला किंवा पालकाचा मृत्यू झाला, तर खातं पाच वर्षांचं झाल्यावर मुदतीआधी बंद करायची परवानगी मिळू शकते. बाकी रस्ता नाही. घरात अडीअडचणीला दुसरी पुंजी नसेल तर हप्ता 250-500 च्या पुढे नेऊ नका. उरलेले पैसे भावाच्या नावावर पोस्टाच्या आवर्ती ठेवीत (आरडीत) ठेवा. तिचं व्याज कमी आहे, पण तीन वर्षांनी मोडता येते.

करसवलतीच्या आशेने येणाऱ्या भावांसाठी: जुन्या करप्रणालीत भरलेल्या रकमेवर मिळणारी सवलत आई-बापाला किंवा कायदेशीर पालकाला आहे. भावाने भरलेल्या पैशावर ती भावाला मिळत नाही. बहिणीला दिलेल्या भेटीवर कर नाही आणि खात्यातलं व्याजही करमुक्त आहे, तेवढं पुरे समजा.

आई-बाप दोघंही गेलेल्या घरात चित्र वेगळं असतं. थोरला भाऊ पंचविशीतला, बहीण पाच-सहा वर्षांची, ती त्याच्याच ताटात जेवते, शाळेतही त्याचंच नाव सांगते. तरी कायद्यात भाऊ नैसर्गिक पालक नाही. 1890 च्या पालक व प्रतिपाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करून पालक म्हणून नेमणूक घ्यावी लागते. आई-बापाचे मृत्यूचे दाखले, बहिणीचा जन्मदाखला, रहिवासाचा पुरावा आणि बाकी नातेवाइकांची हरकत नसल्याचे जबाब लागतात. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. आदेश हाती आला की तोच कागद सुकन्येला चालतो आणि शेतीच्या, विम्याच्या कामालाही येतो. खातं आधीच उघडलेलं असेल आणि फक्त बाप गेला असेल, तर कोर्ट लागत नाही. मृत्यूचा दाखला देऊन पालक म्हणून आईचं नाव लावून घ्यायचं.

बहीण दहाच्या पुढे गेली असेल तर सुकन्येचा विषय संपला. दहा वर्षांवरच्या मुलीला पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खातं उघडता येतं, किमान 500 रुपयांत, आणि सहीही तिचीच. महिन्याला 100 पासून आवर्ती ठेव चालते, पाच वर्षांची. पैसे कमी वाढतात, पण सातवीतली पोरगी स्वतः स्लिप भरायला शिकते.

खातेदार अठरा वर्षांची झाली की व्यवहार तिचा. तिचं आधार, पॅन, फोटो आणि सहीचा नमुना देऊन खातं तिच्या हाती सोपवायचं असतं. हे घरं विसरतात आणि पैसे काढायच्या वेळी धावपळ होते. वाढदिवसाच्या महिन्यातच तिला घेऊन जा. खात्याला जोडलेला मोबाईल नंबर बहुधा दादाचाच असतो, कारण उघडताना घरात चालू फोन तोच होता. तोही त्याच फॉर्मवर बदलून तिचा टाका, नाहीतर तिच्या पैशाचे संदेश पुढची सहा-सात वर्षं चाकणला येत राहतील.